गळ आणि नीयत

‘लोभ नसता तर तो फसला नसता,’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो! गळाला लागलेल्या माशाबद्दल बोलतो आणि बुडालेल्या ठेवीदाराबद्दलही बोलतो. मीही वर्षानुवर्षे बोलत आलो. गेल्या पावसाळ्यात शाहूवाडीतल्या एका पाझर तलावाच्या काठावर या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला.

आमचा तालुका मुसळधार पावसाचा. मृगाचे पाणी पडले की कडवी-वारणेच्या ओढ्यांना चढणीचे मासे येतात आणि थेट भातखाचरापर्यंत पोचतात. लहानपणी अब्बांबरोबर मी बांबूची काठी, नायलॉनचा दोरा आणि डब्यात गांडुळे घेऊन काठावर बसत असे. मिळेल तो मासा घरी कालवणात जाई. यात काही वावगे आहे, असे कधी मनातही आले नाही. पाण्यातली शिकार हलाल, माशाला जबह करावे लागत नाही, आणि घरात खाणारी तोंडे सात होती.

भाचा पुण्याहून आला तो वेगळी विद्या घेऊन. हातात वजनाला हलकी, लवचीक काठी आणि केसासारखी बारीक दोरी. गांडुळाऐवजी रबराचा बोटभर तुकडा. हे तंत्र मूळचे अमेरिकेतले. तिथल्या ‘बास’ माशासाठी ते निघाले. आपल्या नद्यांत बास नाही, म्हणून भाचा ते मरळीवर अजमावणार होता. त्याने सांगितले, की ज्या तळ्यात गळ टाकणाऱ्यांची फार गर्दी होते, तिथले मासे शहाणे होतात आणि मोठ्या, चकचकीत आमिषाकडे फिरकत नाहीत. मग माणसाने आमिष लहान केले, दोरी बारीक केली, हालचाल कमी केली. यातल्या एका प्रकाराला कॅन्ससमधल्या नेड केडी या लेखकाच्या नावावरून ‘नेड रिग’ म्हणतात. अळंबीच्या टोपीसारखे दोन-तीन ग्रॅमचे शिसे, त्यातून निघालेला गळ आणि त्यावर तो मऊ तुकडा. तळाशी गेला की शेपूट वर करून उभा राहतो.

“मग आपण काय करायचं?” मी विचारले.

“काहीच नाही, मामू. तेच तर कसब आहे. आपण गप्प बसायचं. माशाला वाटलं पाहिजे, की हे त्यानंच ठरवलं.”

मी चपापलो. हे कसब मला शिकवायची गरज नव्हती. अकरा वर्षे मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करत होतो. जोरजबरदस्ती मी कधी केली नाही. दुकानाच्या पायरीवर बसायचे, चहा घ्यायचा, मुलाबाळांची चौकशी करायची आणि मुदत ठेवीचा विषय समोरच्यानेच काढेपर्यंत थांबायचे. शेवटच्या दोन वर्षांत संस्थेचे काही खरे नाही, हे मला कळू लागले होते. मी खोटे बोललो नाही. फक्त गप्प राहिलो. संस्था बुडाल्यावर लोक दारात आले, तेव्हा मी म्हणालो, “जास्त व्याजाचा लोभ तुम्हाला नडला.”

तलावाच्या कडेला, गवताजवळ, पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक पुंजका हलत होता. ती मरळीची पिले होती. मरळ आपली पिले वाऱ्यावर सोडत नाही; त्यांच्या खालीच पहारा देत फिरते. भाच्याने नेमका त्या पुंजक्यात तुकडा सोडला आणि हात स्थिर ठेवला. क्षणभर काही झाले नाही. मग पाणी उसळले, काठी वाकली आणि बारीक दोरी तटकन तुटली. गळ मरळीच्या तोंडात राहिला. पकडून सोडून देण्याचा भाच्याचा बेत होता. आता सोडवायलाही ती हाती लागणार नव्हती. आम्ही बराच वेळ थांबलो. पुंजका फुटला होता आणि त्यात चिलापी तोंड घालू लागल्या होत्या.

“माझं काय चुकलं, मामू? तिनंच तर घेतलं,” भाचा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

तिने घेतले खरे. पण भुकेने नव्हे. पिलांमध्ये काहीतरी परके शिरले म्हणून तिने ते तोंडात धरले. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात रिज लेक नावाच्या तळ्यावर बास माशांचा अभ्यास वीस वर्षांहून अधिक काळ चालला. गळाला चटकन लागणारे आणि न लागणारे अशा दोन वंशावळी तिथे वेगळ्या वाढवल्या. 2009 साली निष्कर्ष आला, की गळाला लागण्याचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. 2012 साली त्याच माशांवरचा पुढचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गळाला सहज लागणाऱ्या वंशातले नर घरट्याची राखण अधिक त्वेषाने करतात, असे त्यात दिसले. म्हणजे गळ सर्वांत लोभी मासा वेचत नाही. पुष्कळदा तो सर्वांत जबाबदार बाप वेचतो.

हे वाचले आणि माझ्या वहीतली नावे डोळ्यांपुढे आली. मुलीच्या निकाहसाठी साठवणारी शिलाईवाली, मुलाच्या शिक्षणासाठी रोज वीस रुपये देणारा फळविक्या. यांना लोभी कोणत्या तोंडाने म्हणायचे? ती सगळी आपापल्या पिलांखाली पहारा देत होती.

शनिवारवाल्यांचा किस्सा आपण सर्वांनी ऐकला आहे. शनिवारी मासेमारीला मनाई होती आणि मासे नेमके त्याच दिवशी पाण्यावर तरंगत येत. तफसीरकार सांगतात, की त्यांनी आदल्या दिवशीच जाळी लावून ठेवली आणि रविवारी मासे उचलले. शनिवारी त्यांनी काहीच केले नाही! हिशेबाने ते निर्दोष होते. पण अल्लाह हिशेब पाहतो तशी नीयतही पाहतो. ‘मी काहीच केले नाही’ हा बचाव फार जुना आहे आणि तो तेव्हाही चालला नाही.

मग मासेमारीच सोडावी काय? मला तसे वाटत नाही. अब्बांच्या गळातही फसवणूक होती, हे मी नाकारत नाही. पण त्या फसवणुकीला भुकेची हद्द होती. कालवणापुरते मिळाले की अब्बा दोरा गुंडाळत. मौजेला अशी हद्द नसते. पकडून सोडण्यात दया आहे, असे भाच्याला वाटते. परंतु सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरायला स्वित्झर्लंडने 2008 च्या नियमांत मनाई केली आहे. त्यामागचा विचार साधा आहे: खायचा नसेल तर त्याला ही यातना कशासाठी? 2003 साली स्कॉटलंडमधल्या शास्त्रज्ञांनी ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल टोचले, तेव्हा ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. माशाला वेदना होते की नाही यावर वाद घालणारे घालोत. मला तेवढे पुरे आहे.

मात्र माझा मुख्य प्रश्न माशाचा नाही, फसवणाऱ्याच्या भाषेचा आहे. फसवणूक जितकी नाजूक, तितका दोष फसणाऱ्याच्या माथी मारणे सोपे जाते. दांडगाई करणाऱ्याला आपण लुटारू म्हणतो. हळुवारपणे लुटणाऱ्याला मात्र फसलेल्यालाच बोल लावता येतो. ज्याचे गेले त्याचे पैसे जातातच, वर अब्रूही जाते.

भाच्याने ती काठी परत नेली. पिले असलेल्या मरळीवर पुन्हा गळ टाकणार नाही, एवढे तो म्हणाला. मी त्याला अधिक बोललो नाही. मला बोलण्याचा अधिकार कमी होता.

नंतरच्या जुम्म्याला मी त्या शिलाईवालीच्या घरी गेलो. तिचे पैसे परत करण्याइतकी माझी ऐपत नाही. पण एक शब्द मी तिला दिला होता, तो परत घेता येत होता. “आपा, तुम्ही लोभी नव्हता. मला कळत होतं आणि मी गप्प राहिलो,” असे मी म्हणालो. तिने मशीन थांबवले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “हे तेव्हा बोलायला हवं होतंस, भाई.”

तिचे खरे होते. मी उंबऱ्यातून परतलो.