त्याग कोणी करावा?

उतारवयात घर लहान होते. वसईच्या वाड्यावाड्यांतून हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. ओटा, माळा, मागील दारची विहीर आणि केळीची बाग असलेले कौलारू घर मोडते आणि वृद्ध आईवडील दोन खोल्यांच्या सदनिकेत राहावयास जातात. नवे घर सोयीचे असते, हे आम्ही नाकारीत नाही. प्रश्न उरतो तो सामानाचा. पितळी हंडे, घंगाळ, पाटा-वरवंटा, लाकडी पेटी आणि त्या पेटीत घडी करून ठेवलेले लग्नातले लाल लुगडे, एवढे सारे तेथे मावणार कोठे?

मुले म्हणतात, "आई, आता ह्या वयात कशाला मोह?" बोलणे वरवर शुभवर्तमानाला धरून आहे. आई गप्प होते. आपले डोळे भरून येणे हेच पाप असावे, अशी शंका तिला छळू लागते.

ते पाप नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. लूकच्या शुभवर्तमानातील धनवान शेतकऱ्याने कोठारे मोडून मोठी बांधावयाचे ठरविले, ते पुढील पुष्कळ वर्षांची निश्चिंती हवी म्हणून. पाट्यावर चाळीस वर्षे मसाला वाटलेल्या बाईला त्या पाट्यापासून कसली निश्चिंती मिळणार? तिच्या कष्टाचा आणि तिच्या हातचे जेवून गेलेल्या माणसांचा तो एकमेव साक्षीदार आहे. संत पौलाने सर्वस्व सोडले होते. तरीही तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना त्रोवसला राहिलेला आपला झगा आणि पुस्तके घेऊन ये, असे सांगावयास तो विसरला नाही. त्या वाक्यासाठी पौलाला कोणी आसक्त म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

मग त्यागाचे काय? त्याग हा प्रतिनिधीमार्फत होत नाही. संत इग्नाती 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात सृष्ट वस्तूंविषयी तटस्थ होण्यास सांगतात. पण तटस्थ करावयाचे ते स्वतःला. असिसीच्या फ्रान्सिसने १२०६ च्या सुमारास बिशपांसमोर अंगावरचे कपडे उतरवून पित्याला परत दिले, तेही स्वतःच्या हातांनी. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला, तेव्हा येशूने त्याच्या घरी कोणाला सामान हलवावयास धाडले नाही. (आम्हा धर्मगुरूंचा संसार दर बदलीला दोन पेट्यांत मावतो, म्हणून अनासक्तीची भाषा आमच्या तोंडी स्वस्तात येते, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.)

आई मिस्सेला गेली असताना भंगारवाल्याला बोलावून पितळ वजनावर विकणारा मुलगा तिला मोहमुक्त करीत नाही. तो तिच्याकडून देण्याचा अधिकार हिरावून घेतो. येथे चौथ्या आज्ञेबरोबर सातवीही मोडते, असे आम्हांस वाटते.

अर्थात वडीलधाऱ्यांचेही काही चुकते. काही जण 'माझ्या मागे काय ते करा' म्हणून कशालाच हात लावू देत नाहीत, आणि सुनेला पाऊल टाकावयास जागा उरत नाही. ज्याला द्यावयाचे त्याला जिवंतपणी द्यावे, आणि देताना त्या वस्तूची हकीकत सांगावी. लुगडे नातीला दिले, तर ते कोणत्या लग्नात नेसले होते हेही तिला कळू द्यावे. यास वेळ लागतो. बिल्डरने घर रिकामे करण्याची तारीख दिली की मग आवराआवर सुरू करणे योग्य नव्हे. वर्षभर आधीपासून एकेक पेटी उघडावी.

घरच्या वेदीवरील वस्तूंविषयी पुष्कळ जण विचारतात. आशीर्वादित वस्तू कचऱ्यात टाकू नयेत. फुटलेली मूर्ती मातीत पुरावी, जीर्ण चित्र जाळावे, ही जुनी रीत आहे. क्रुसामागे खोवलेल्या गेल्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या राखेच्या बुधवारपूर्वी चर्चमध्ये आणून द्याव्यात. त्यांचीच राख कपाळाला लागते. त्या आणावयास मुलाने एकट्याने येऊ नये. आईला सोबत आणावे.