चिंता आणि स्मरण

बदलापूरहून परळच्या टाटा रुग्णालयात वृद्ध पित्यास घेऊन निघालेल्या उपदेशी पुत्राचे चित्त अहवालाआधीच निर्णय करून बसते. रक्तातील पीएसए वाढले, म्हणजे कर्करोगच! वस्तुतः वयोमानाने प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ झाली वा जंतुसंसर्ग झाला, तरीही तो आकडा चढतो; निश्चय बायोप्सीनेच होतो. अनुमानास ज्ञान मानणे हा जीवाचा जुना स्वभाव. त्यातूनच देवतांचे नवस सुचतात, अनन्यता ढळते. (सुचविणारे शेजारीही थोडे नसतात.) मग पित्यापासूनच गोष्ट लपविली जाते. परंतु देह त्याचा, स्मरणाचा अधिकारही त्याचाच; ज्यास आपली अवस्था कळू दिली नाही, त्याने सावध कसे व्हावे?

अंबरनाथ, उल्हासनगर मागे पडते. खिडकीशी नाम घेत बसलेला पिताच मग विचारतो, "अहवाल कधी मिळावयाचा?"