श्वाननिष्ठा: गुण की स्वभाव?

लॅब्रॅडॉर रिट्रीव्हरचे मूळ काम शिकाऱ्याने पाडलेला पक्षी पाण्यातून किंवा झाडीतून शोधून आणण्याचे. पक्षी जबड्यात धरायचा, पण त्याला दात लागू द्यायचा नाही आणि मालकाने हात पुढे केला की सोडून द्यायचा. या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे होते. 19व्या शतकात ब्रिटनमध्ये ती जोपासली गेली आणि 1903 साली तिथल्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. तोंडात आलेले मांस न गिळता परत करणे माणसाने केले, तर त्याला संयम म्हणतात. लॅब्रॅडॉरमध्ये तो पिढ्यानपिढ्या निवडक पैदास करून रुजवलेला आहे. मग त्याला सद्गुण म्हणायचे का?

गीतेच्या भाषेत हे स्वभावनियत कर्म. मोह होऊनही जो आवरतो त्याचाच संयम मोठा, असे मानले तर कुत्र्याच्या पदरात फारसे श्रेय पडत नाही.

साताऱ्याच्या थोरल्या शाहू महाराजांनी मात्र हा हिशेब केला नाही. शिकारीत वाघापासून त्यांचा जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला त्यांनी इनाम आणि पालखीचा मान दिला, अशी कथा आहे. एकदा तर त्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून, आपली पगडी त्याच्या डोक्यावर ठेवून दरबारात आणले म्हणतात. मानकऱ्यांनी हसू कसे आवरले असेल, कोण जाणे! कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला या कुत्र्याची, खंड्याची, समाधी दाखवतात. उपकार झाला, तो फेडायचा. करणाऱ्याचा हेतू काय होता हा प्रश्न इथे उठतच नाही.

महाभारतातही कसोटी कुत्र्याची नाही. महाप्रस्थानाच्या वाटेवर सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो, आणि ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता असे मग उघड होते. निष्ठा स्वभावातून आलेली असली, तरी ती स्वीकारणाऱ्यावर बंधन पडतेच. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या औदुंबरला जो दत्त पुजला जातो, त्याच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. ते चार वेद, असा अर्थ सांगतात. पण दर्शन घेणाऱ्याला आधी दिसतात ती कुत्रीच.

सर्वांत अवघड उदाहरण पालीचे. कराड तालुक्यातल्या या खंडोबाच्या क्षेत्री वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो. भंडारा कपाळी लावून तो कोटंबा घेऊन वारी मागतो आणि काही विधींत कुत्र्यासारखा भुंकतोही. जे लॅब्रॅडॉरला जन्मतः मिळते, ते इथे माणूस व्रत म्हणून घेतो; म्हणून तो गुण ठरावा. मात्र पुष्कळदा हे व्रत त्याच्या जन्माआधीच आईबापांनी नवसात बोललेले असते.