मागचे चाक आणि मूळपण

वारसा म्हणून जे आपल्या हाती येते ते जसेच्या तसे पुढच्यांच्या हाती द्यावे, की त्यातील जो दोष आपल्याला कळून चुकला आहे तो दूर करून मग द्यावे? प्रश्न जुनाच आहे. वास्तू, चित्रे व हस्तलिखिते यांच्या संदर्भात त्याचा ऊहापोह जाणकारांनी पुष्कळ केला आहे. आम्ही तो येथे एका अगदी ऐहिक, किंबहुना काहींना उथळ वाटेल अशा वस्तूच्या निमित्ताने मांडू इच्छितो. ती वस्तू म्हणजे इंग्लंडात तयार झालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची छोटी स्पोर्ट्‌स कार. चित्रातला दोष फार तर डोळ्यांना खुपतो. मोटारीतला दोष जिवावर बेतू शकतो. म्हणूनच हा प्रश्न येथे निव्वळ अभिरुचीचा राहत नाही.

स्पिटफायर १९६२ साली लोकांपुढे आली. तिचे देखणे रूप जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन रेखनकाराचे. पोटातली यंत्ररचना मात्र बरीचशी उसनी होती. १९५९ च्या ट्रायम्फ हेरल्ड या साध्या कौटुंबिक गाडीवरून ती घेतलेली होती. हेरल्ड हे नाव आपल्या प्रौढ वाचकांना परके वाटणार नाही. १९६० च्या दशकात मद्रासच्या कारखान्यात ती ‘स्टँडर्ड हेरल्ड’ म्हणून तयार होत असे. या दोन्ही गाड्यांच्या मागच्या चाकांची मांडणी सारखीच होती, आणि आमचा प्रश्न तेथेच दडलेला आहे.

या मांडणीला ‘स्विंग एक्सल’ म्हणतात. मागचा डिफरन्शियल गाडीच्या चॅसीला घट्ट बसवलेला असतो. त्याच्या दोन्ही अंगांना एकेक अर्धा एक्सल, आणि प्रत्येकाला आतल्या टोकाशी एकच सांधा. बाहेरच्या टोकाला चाक एक्सलशी काटकोनात पक्के. वरून एक आडवा कमानपाटा दोन्ही बाजूंचा भार पेलतो. पक्ष्याने पंख खालीवर करावेत तसे हे दोन एक्सल हलतात. पण पंख हलला की चाकाचा कलही बदलतो. सरळ रस्त्यावर यात काही बिघडत नाही. वेगात वळण घेताना बाहेरच्या चाकावर रस्त्याकडून जो आडवा जोर येतो तो सांध्याच्या उंचीमुळे गाडीचा मागचा भाग वर उचलू पाहतो. भाग उचलला गेला की चाक खालून आत दुमडते, टायर आपल्या कडेवर उभा राहतो, पकड सुटते आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते.

एवढेच असते तर ‘सावकाश हाका’ असे सांगून विषय संपला असता. पण या दोषाचा स्वभाव विचित्र आहे. वळणाच्या मध्यावर वेग जास्त झाल्याचे ध्यानात येताच कोणताही सामान्य माणूस काय करील? ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलील. पाय उचलताच गाडीचा भार पुढे झुकतो, मागचा भाग आणखी हलका होऊन वर येतो आणि चाक दुमडण्याची क्रिया पुरी होते. म्हणजे बेफिकीर माणसाला नव्हे, तर भानावर आलेल्या माणसाला हे यंत्र शिक्षा करते. चालकाची सावधगिरीच त्याच्यावर उलटावी, अशा यंत्राला केवळ ‘स्वभावाने खट्याळ’ म्हणून कौतुकाने पाठीवर थाप मारणे आम्हांला जमत नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन ती मारतात हे आम्ही जाणून आहोत.

दोष कारखान्यालाही कळला होता. १९७० साली आलेल्या स्पिटफायरच्या चौथ्या आवृत्तीत कमानपाट्याची बांधणी बदलली. आधी सगळे पाटे डिफरन्शियलला आवळलेले असत. आता बहुतेक पाटे मध्यावर डोलू शकतील असे ठेवले. गाडी वळणावर कलली तरी मागचा पाटा तिला पूर्वीइतका विरोध करीना, आणि चाक दुमडण्याची खोड बरीच आटोक्यात आली. त्याच घराण्यातील जीटी-६ या अधिक शक्तिमान गाडीला तर १९६८ सालीच खालच्या बाजूने वेगळा आधारदांडा देऊन चाकाचा कल आवरला होता. इकडे मद्रासच्या कारखान्याने १९७२ साली हेरल्डच्या जागी ‘गॅझेल’ काढली तेव्हा हलते अर्धे एक्सल सोडून देऊन साधा अखंड एक्सल बसवला. विलायतेतली ती मांडणी आपल्याकडच्या मालकांना व मेकॅनिकांना फारशी मानवली नव्हती, असे सांगतात.

आज ज्याच्याजवळ १९६० च्या दशकातील स्पिटफायर आहे त्याच्यापुढे तीन-चार वाटा असतात. पाटा आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये धातूचा ठोकळा घालून मागचा भाग थोडा खाली बसवता येतो, त्यामुळे चाकाचा कल आधीपासूनच अनुकूल राहतो. नंतरच्या गाडीचा डोलता पाटा आणून लावता येतो. किंवा जीटी-६ च्या धर्तीवर सारी मांडणीच बदलता येते. परंतु त्यासाठी चॅसीवर नवे आधार वेल्ड करावे लागतात. शेवटची वाट अर्थातच काहीही न करण्याची. नीतीच्या दृष्टीने या वाटा सारख्या नाहीत. ठोकळा आणि पाटा बोल्ट सोडले की निघतात, मूळ भाग कपाटात जपून ठेवला तर उद्या परत बसवता येतो. वेल्डिंगचा डाग मात्र कायमचा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे ‘फिवा’ने, २०१२ साली संमत केलेल्या तूरिनच्या सनदेचा रोखही असाच आहे: बदल अपरिहार्य असेल तर तो शक्यतो मागे घेता येण्याजोगा असावा, आणि त्याची नोंद राहावी.

मूळपणाच्या बाजूने जे बोलले जाते त्यातले काही आम्हांला अगदी मान्य आहे. जुनी वस्तू ही एक साक्ष असते, आणि साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे बरे नव्हे. १९६२ सालच्या अभियंत्यांनी कोणत्या पैशांत काय साधले, कोठे तडजोड केली, हे पुढच्या पिढीला तिच्याकडे पाहूनच कळायला हवे. स्वतंत्रपणे हलणाऱ्या मागच्या चाकांची ही सर्वांत स्वस्त रीत होती. पण ती केवळ गरिबाघरची रीत होती असेही नाही. पंखांसारखे दरवाजे असलेली मर्सिडीझ ३०० एसएल ही १९५४ सालची प्रसिद्ध गाडीही याच तत्त्वावर चाले. १९५७ साली तिचे उघड्या टपाचे रूप आले तेव्हा सांधा खाली आणून ती सुधारली गेली. त्या दारे-पंखवाल्या गाड्या १,४०० च निघाल्या. आज त्यांच्या किमती डोळे दिपवणाऱ्या आहेत, आणि त्यांच्या मागच्या एक्सलला हात लावायला कोणी सहसा धजत नाही. स्पिटफायर तीन लाखांहून अधिक निघाल्या, म्हणून तिच्यावर पाने चालवायला सगळे मोकळे! मूळपणाबद्दलची भक्ती बाजारभावाप्रमाणे कमीअधिक होत असेल तर तिला भक्ती म्हणावे की हिशेब, हे वाचकांनीच ठरवावे.

मूळपण म्हणजे तरी नेमके काय? रेखनकाराच्या मनातली गाडी मूळ, की हिशेबनिसाने मंजूर केलेली गाडी मूळ? ज्या कारखान्याने १९६२ साली एक रीत वापरली त्यानेच १९७० साली ती सुधारली. घराने स्वतः मान्य केलेली दुरुस्ती घरच्याच जुन्या वस्तूला लावणे यात आम्हांला विश्वासघात दिसत नाही.

याउलट, ‘त्या काळी सगळेच असे करीत’ हा बचाव आम्हांला लंगडा वाटतो. अमेरिकेत याची मोठी परीक्षा झाली. शेव्हरोले कोर्व्हेअर ही १९६० सालची मागे इंजिन असलेली गाडी. ती काही खरी स्पोर्ट्‌स कार नव्हे, पण मागची मांडणी याच जातीची. तिच्या पुढच्या टायरांत १५ पौंड आणि मागच्यांत २६ पौंड दाब ठेवावा असे कंपनीचे सांगणे असे. म्हणजे गाडीचा तोल राखण्याचे काम पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या पोऱ्यावर सोपवलेले. राल्फ नेडर यांनी १९६५ सालच्या आपल्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण या गाडीला वाहिले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. गंमत अशी की १९६४ च्या गाडीला कंपनीने मागे आडवा पाटा जोडला होता आणि १९६५ ची मांडणी तर पूर्ण नवी होती. बोंब उठली तेव्हा दोष निघूनही गेला होता. पुढे १९७२ साली सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष आला की ही गाडी तिच्या समकालीन गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. कंपनीच्या चाहत्यांना यात निर्दोषत्व दिसले. आम्हांला यात एवढेच दिसते की समकालीन गाड्याही तपासायला हव्या होत्या. शेजाऱ्याच्या घरालाही तडा आहे म्हणून आपल्या भिंतीचा तडा बुजत नाही.

आता मालकाकडे वळू. गाडी संग्रहालयात उभी राहणार असेल तर तिचा दोष तिच्याजवळ राहू द्यावा. तेथे तो इतिहास आहे. पण ती रस्त्यावर येणार असेल, शेजारच्या आसनावर कोणी बसणार असेल, समोरून सायकलवर कोणी येणार असेल, तर त्या माणसांनी या मूळपणाला संमती दिलेली नाही. स्वतःच्या छंदासाठी स्वतःचा जीव किती पणाला लावावा हा वेगळा वाद. दुसऱ्याचा पणाला लावण्याचा अधिकार वारशाच्या नावाने मिळत नाही. ‘मला माझ्या गाडीची खोड ठाऊक आहे, मी जपून हाकतो’ असे जो म्हणतो त्याच्या म्हणण्याला वजन आहे, हे आम्ही नाकारत नाही. खोड ठाऊक असलेला माणूस नम्रपणे हाकतो, आणि पाटा बदलून निर्धास्त झालेला कधी कधी त्या निर्धास्तपणातच घसरतो. पण ते ज्ञान एका माणसाच्या पायात असते, गाडीत नसते. त्याचा मुलगा एका रविवारी किल्ली घेऊन निघाला तर ते त्याच्याबरोबर जात नाही.

गाडी विकली जाते तेव्हा तर ते मुळीच जात नाही. विक्रीच्या वेळी दोन्ही पक्षांची कसोटी लागते. ज्याने काही बदलले नाही त्याने ग्राहकाला वळणावर पाय उचलण्याचा धोका सांगितला पाहिजे, सौदा फिसकटला तरी. आणि ज्याने बदल केला त्याने काय बदलले, कोणत्या साली, कोणी बसवले, हे कागदावर लिहून काढलेला जुना पाटा गाडीबरोबर द्यावा. पाटा वजनाला जड आणि अडगळीचा असतो, म्हणून बहुधा तोच आधी भंगारात जातो.