जाणीव आहे, म्हणून आत्मा आहे का?



एडिनबराच्या रॉयल माइलवर तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांचा पुतळा आहे. नशीब उघडावे म्हणून येणारेजाणारे त्याच्या पायाचा अंगठा घासतात. घासून घासून तो चकाकू लागला आहे. चमत्कारांच्या कथा पुराव्यापुढे टिकत नाहीत असे लिहिणाऱ्या माणसाच्याच पायाशी हा प्रकार चालतो!

ह्यूम यांचा जन्म १७११ साली याच शहरात झाला. १७३९ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक साधी गोष्ट मांडली. आपण स्वतःच्या आत पाहिले की ऊन किंवा थंडी, प्रेम किंवा द्वेष, सुख किंवा दुःख असे काहीतरी सापडते. पण या सर्वांपासून वेगळा असा 'मी' कधीच सापडत नाही. पुढे १७४५ साली नास्तिकतेच्या आरोपामुळे त्यांना येथील विद्यापीठात प्राध्यापकपद मिळू शकले नाही.

तथागतांनी हे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगितले होते. साती नावाच्या भिक्खूची समजूत होती, की एकच विज्ञान, म्हणजे जाणीव, जन्मोजन्मी फिरत राहते. भगवंतांनी त्याला खडसावले: कारणांवाचून विज्ञान उत्पन्न होत नाही. लाकडावर पेटला तो लाकडाचा अग्नी, गवतावर पेटला तो गवताचा. तसे डोळा आणि रूप यांमुळे होते ते चक्षुविज्ञान. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी यासाठी विद्युतक्षेत्राची उपमा दिली आहे. विद्युतक्षेत्रासोबत चुंबकीय क्षेत्र असते, तशी कायेसोबत जाणीव असते.

हे मी अभियांत्रिकीच्या वर्गात समजलो होतो. उमगले मात्र आईच्या आजारपणात. अखेरच्या दोन वर्षांत तिला स्मृतिभ्रंश झाला. व्हिडिओ कॉलवर ती मला विचारायची, "तुम्ही कोण, बाबा?" आणि लगेच, "जेवलात का?"

एका नातेवाइकाने मला समजावले, "आत्मा शाबूत आहे रे, फक्त रेडिओ बिघडलाय." मी त्यावर खूप विचार केला. रेडिओ बिघडला तर आवाज खरखरतो, आकाशवाणीवरचे गाणे बदलत नाही. इथे तर आठवण, भाषा, माझी ओळख, सगळेच मेंदूबरोबर जात होते. हे सर्व वजा केल्यावर उरणाऱ्या आत्म्याला मी आई कशाच्या आधारे म्हणू?

मेंदूतून अनुभव नेमका कसा उमटतो, हे विज्ञानालाही अजून पूर्ण उलगडलेले नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करू. पण 'माहीत नाही' याचा अर्थ 'ईश्वराने दिले' असा होत नाही. जाणीव ईश्वराने दिली म्हटले, तर ईश्वराला जाणीव कोणी दिली? प्रश्न सुटत नाही, फक्त एक पायरी वर सरकतो.

आणि आपल्यासाठी हा नुसता वादाचा विषय नाही. आत्मा मागच्या जन्मीचे पाप घेऊन आला म्हणून तू या जातीत जन्मलास, असे आपल्या आज्या-पणज्यांना सांगितले गेले. त्या एका कल्पनेने अन्यायाला न्याय ठरवले. म्हणूनच १९५६ साली १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारण्याचीही प्रतिज्ञा आहे.

तरीही आपल्याच ग्रुपवर कोणी गेल्याची बातमी आली, की धडाधड संदेश पडतात: 'आत्म्यास शांती लाभो.' भावना खरी असते, शब्द उसने असतात. त्याऐवजी गेलेल्या माणसाचे एखादे चांगले काम लिहूया. पुण्यानुमोदनाचा अर्थ तोच आहे.

मग आई गेल्यावर काय उरले? सगळी नावे विसरलेल्या त्या बाईच्या तोंडी समोरच्या अनोळखी माणसाची भूक मात्र राहिली होती. आयुष्यभर केलेल्या मैत्रीची ती सवय होती. आता माझी लेक घरी आलेल्या प्रत्येकाला विचारते, "जेवलात का?" एका दिव्याने दुसरा दिवा लागतो, तेव्हा कोणताही आत्मा इकडून तिकडे जात नाही. उजेड मात्र पुढे जातो.

तो पुढे नेणे आपल्या हातात आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!