ग्रहांचें भय कां धरावें?



प्रभूचे म्हणविणाऱ्या कित्येक कुटुंबांत अद्यापि लग्न ठरवितांना किंवा मूल आजारी पडलें असतां गुपचूप पत्रिका दाखविली जाते, व शनीच्या साडेसातीची धास्ती घेतली जाते. हें पाहून आम्हांस खेद होतो. यास्तव ग्रह कशाचे झाले आहेत, याचा आज आपण विचार करूं.

सुमारें ४५६ कोटी वर्षांपूर्वीं वायु व धूळ यांचा एक अफाट मेघ स्वतःच्याच भारानें आकसूं लागला. मध्यें सूर्य झाला. उरलेलें द्रव्य त्याच्याभोंवतीं तबकडीसारखें फिरत राहिलें. त्यांतील कण एकमेकांस चिकटले. कणांचे खडे, खड्यांचे डोंगराएवढे गोळे, व ते एकमेकांस ओढून ग्रह झाले. सूर्याजवळ उष्णता फार, म्हणून तेथें दगड व लोखंड यांचे ग्रह बनले; आपली पृथ्वी त्यांपैकींच. दूर थंडींत बर्फही टिकला. तेथें गुरु व शनि यांनीं मोठे होऊन वायु ओढून घेतला.

असें आजही घडत आहे. हिंवाळ्यांत रात्रीं राखणीस बसणारांस कृत्तिका व रोहिणी ओळखीच्या आहेत. त्याच वृषभ राशींत, सुमारें ४५० प्रकाशवर्षें दूर, एक कोंवळा तारा आहे. सन २०१४ सालीं चिली देशांतील आल्मा दुर्बिणीनें त्याच्याभोंवतीं धुळीचीं कडीं टिपलीं. मळणीच्या वेळीं तिवड्याभोंवतीं बैलांची वाट पडते, तशा त्या कड्यांमध्यें रिकाम्या वाटा आहेत. त्या नव्या ग्रहांनीं पाडल्या असाव्यात, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.

सन १९३८ सालीं कोल्हापुरांत जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनीं सन २००९ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. २७ ज्योतिष्यांस प्रत्येकीं ४० पत्रिका देऊन, हुशार मुलांच्या कोणत्या व मतिमंद मुलांच्या कोणत्या, हें विचारिलें. सरासरीनें शेंकडा ४६ उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडविलें असतें तरी निम्मीं आलीं असतीं.

मनुष्य मातीचा घडला, असें पवित्र शास्त्र सांगतें. ज्या मेघाच्या धुळीची ही माती झाली, त्याच मेघाचा शनि आहे. मग मातीनें मातीस कां भ्यावें? मूल आजारी असेल तर त्यास दवाखान्यांत न्या. पत्रिकेचा रुपया औषधास लावा. आणि तें बरें झाल्यावर त्यास अंगणांत घेऊन तोच शनि दाखवा, व ज्यानें धुळीपासून दोघांस घडविलें त्याचे आभार माना.