ब्राउझर कोणाच्या बाजूचा?

ब्राउझरची तुलना निघाली की चर्चा तीन गोष्टींपाशी येऊन थांबते. वेगवान कोणता, मध्येच बंद न पडणारा कोणता आणि जास्त सोयी कोणात. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण बँकेचा व्यवहार, मुलीचा प्रवेश अर्ज, सातबारा उतारा, घरच्यांनाही न सांगता एखाद्या आजाराबद्दल केलेली चौकशी, हे सगळे ज्या एका प्रोग्रॅममधून जाते, तो कोणाच्या हितासाठी बनवलेला आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते आधी हेच विचारायला हवे.

आपल्यापैकी बहुतेकांनी ब्राउझर कधी निवडलेलाच नाही. फोनमध्ये आधीच बसवलेला होता, तो चालू राहिला. साडी घेताना चार दुकाने फिरणारी, दुचाकी घेताना शेजाऱ्यापाजाऱ्यांना मायलेज विचारणारी माणसे इथे पूर्ण बेफिकीर असतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर गूगलची ॲप एकगठ्ठा बसवण्याची सक्ती होती आणि त्या गठ्ठ्यात क्रोमही होता, हा त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा. बातमी आली आणि गेली. घरोघरच्या फोनमध्ये काय आहे हे त्या निमित्ताने पाहणारे फारसे कोणी भेटले नाही.

आधी वेगाचेच पाहू. वेग मोजायच्या चाचण्या पुष्कळ निघाल्या. वेबकिट इंजिनाच्या लोकांनी २००७ मध्ये सनस्पायडर काढली, पुढे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने क्रॅकन काढली आणि गूगलने २०१२ मध्ये ऑक्टेन. २०१७ मध्ये गूगलने ऑक्टेन स्वतःच मोडीत काढली. अपेक्षित प्रश्नसंच पाठ करून परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यासारखी ब्राउझरची गत झाली होती. चाचणीतले गुण वाढत होते, पण खऱ्या पानांवर त्याचा उपयोग नव्हता, उलट काही सुधारणा तिथे अपायकारक ठरत होत्या. २०२४ मध्ये आलेली स्पीडोमीटर ३ ही चाचणी प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र बसून तयार केली, हे त्यातल्या त्यात शहाणपण. आज मोठ्या ब्राउझरच्या वेगात जो फरक उरला आहे, तो रोजच्या वापरात जाणवावा इतका मोठा नाही.

मग पान उघडायला वेळ का लागतो? एखाद्या बातमीचा मजकूर असतो जेमतेम दोन परिच्छेदांचा, पण त्याच्यासोबत जाहिराती, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि वाचणाऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या कितीतरी कंपन्यांच्या स्क्रिप्ट उतरत असतात. डेटाचे पैसे वाचकाचे, बॅटरी वाचकाची आणि कमाई मात्र पाळत ठेवणाऱ्यांची. हा भार अडवणारे एखादे चांगले एक्स्टेन्शन बसवले, तर जुन्या फोनवर किंवा संगणकावर जो वेग मिळतो, तो इंजिन बदलून मिळत नाही. इथे चौथा प्रश्न, ब्राउझर कोणाच्या बाजूचा हा, समोर येतोच. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने हा भार अडवण्याची मुभा आपल्याच ब्राउझरमध्ये कितपत द्यावी? क्रोमने एक्स्टेन्शनची नवी नियमावली लागू केली आणि २०२४-२५ मध्ये युब्लॉक ओरिजिनसारखे समर्थ साधन त्यात चालेनासे झाले. सुरक्षिततेसाठी बदल केला, असे कंपनीचे म्हणणे आहे आणि त्यात काही तथ्यही आहे. पण फायरफॉक्समध्ये तेच साधन आजही पूर्वीसारखे चालते. एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या कुकीज सफारीने २०२० मध्ये सरसकट बंद केल्या. त्याच वर्षी गूगलने त्या दोन वर्षांत हटवण्याचे जाहीर केले, मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. वेगाच्या कोणत्याही तक्त्यात हे दिसत नाही.

वेगाच्या मोहाची किंमत काय असते, हे भारताने एकदा पाहिले आहे. स्वस्त फोन आणि टूजीच्या दिवसांत ऑपेरा मिनीने इंटरनेट खेड्यापाड्यांत नेले. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर जायचे, तिथे दाबून लहान व्हायचे आणि मग फोनवर यायचे. त्या काळात हा मोठाच उपकार होता, मी तो नाकारणार नाही. पण याचा अर्थ असा की, वाचणारा आणि पान यांच्यामध्ये एक तिसरा बसलेला होता. पुढे अलिबाबाच्या मालकीचा यूसी ब्राउझर आला आणि काही वर्षे भारतातल्या मोबाइलवर त्याचेच राज्य होते. २०१५ मध्ये टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने दाखवून दिले की, या ब्राउझरमधून फोनची ओळख, ठिकाण आणि शोधलेले शब्द अशी माहिती पुरेशा संरक्षणाविना बाहेर जात होती. त्यानंतरही आपण तो आनंदाने वापरत राहिलो, कारण डाउनलोड झटपट होत असे. जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली तेव्हा तो गेला. चीनशी सीमेवर संघर्ष झाला नसता तर आपण तो स्वतःहून सोडला असता का?

स्थिरतेच्या बाबतीत श्रेय द्यायचे तर ते क्रोमलाच द्यावे लागते. २००८ पूर्वी एक टॅब अडकला की सगळा ब्राउझर कोसळायचा आणि अर्धा भरलेला अर्ज त्याबरोबर जायचा. क्रोमने प्रत्येक टॅबला स्वतंत्र प्रक्रिया दिली. एकाचे बिघडले तरी बाकीचे शाबूत राहू लागले आणि सुरक्षितताही वाढली. फायरफॉक्सला तिथवर यायला २०१६-१७ उजाडले. या दिरंगाईने त्याचे जे वापरणारे गेले ते परत आले नाहीत, आणि त्याचा दोष इतर कोणाला देता येणार नाही. क्रोम पुढे गेला तो मुळात गुणावर. मात्र एकदा पुढे गेल्यावर त्याच्या बाजूने दुकान केवढे मांडले गेले, तेही पाहायला हवे.

आज ब्राउझरची नावे मोजायला बसलो तर दहा-बारा सहज निघतील. पान पडद्यावर उभे करणारी आतली इंजिने मात्र तीनच आहेत. गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. ऑपेराने आपले प्रेस्टो इंजिन २०१३ मध्ये सोडले. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेही २०१८ मध्ये हात टेकले आणि २०२० पासून तिचा एज हा ब्राउझर ब्लिंक इंजिन असलेल्या गूगलच्या क्रोमियमवर चालू लागला. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट हे सगळे त्याच पायावर उभे आहेत. आयफोनवर तर नाव कोणतेही असो, आतले इंजिन वेबकिटच असायचे. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे २०२४ मध्ये फक्त तिथे दार थोडे किलकिले झाले. म्हणून या दहा ब्राउझरच्या तुलनेत बरीचशी तुलना रंगांची आणि बटणांचीच असते. वेब कसे चालावे, कोणते तंत्र येऊ द्यावे आणि कोणते अडवावे, हे प्रत्यक्षात दोन-तीन कंपन्यांच्या हाती आहे आणि त्यांतल्या एकीचे वजन सगळ्यांत भारी आहे.

एकाच्या हाती सगळे गेले की काय होते, हा इतिहास फार जुना नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोजसोबत इंटरनेट एक्स्प्लोअरर फुकट देऊन नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरला संपवले. अमेरिकेत १९९८ मध्ये खटला उभा राहिला आणि मक्तेदारी टिकवण्यासाठी कंपनीने बेकायदा मार्ग वापरले, हे अपिलातही टिकले. पण तोवर नेटस्केप स्पर्धेत उरलाच नव्हता. २००१ मध्ये एक्स्प्लोअररची सहावी आवृत्ती आली आणि पुढची पाच वर्षे जगातला सर्वाधिक वापराचा ब्राउझर जवळजवळ जिथल्या तिथे थांबला. स्पर्धाच नव्हती, तर सुधारायचे कोणासाठी? त्याच्या भोकांतून व्हायरस शिरत होते आणि लोक संगणक फॉरमॅट करत होते. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला, तेव्हा कुठे ती गाडी हलली.

मराठीला या काळाची झळ थेट बसली आहे. त्या वर्षांत अनेक मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर युनिकोड नव्हते. प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट आणि स्वतःची सांकेतिक मांडणी होती. पान उघडले की फॉन्ट आपोआप उतरेल, अशी सोय एक्स्प्लोअररपुरती केलेली असायची. लिनक्सवर किंवा फायरफॉक्समध्ये तेच पान उघडले तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. अशी पाने वाचता यावीत म्हणून पद्मा नावाचे एक्स्टेन्शन लिहावे लागले. ते तेव्हाच्या भारतीय भाषांतल्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करून दाखवत असे. नंतर वृत्तपत्रे युनिकोडवर आली. पण त्या आधीचा जो मजकूर रूपांतराविना राहिला, तो आज शोधयंत्राला सापडत नाही आणि उघडला तरी वाचता येत नाही. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातल्या काही वर्षांचा लेखी पुरावा असा निकामी झाला. एका ब्राउझरमध्ये दिसते आहे ना, मग झाले, एवढ्या आळसाची ही किंमत आहे.

दक्षिण कोरियाने याहून मोठी किंमत मोजली. अमेरिकेने भक्कम सांकेतीकरणाच्या निर्यातीवर निर्बंध घातले होते. म्हणून कोरियाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सीड नावाची स्वतःची पद्धत बनवली. हेतू चांगला होता, स्वावलंबनाचा होता. पण ती ब्राउझरमध्ये चालवण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्सचा आधार घेतला गेला. पुढची वीसेक वर्षे बँका, सरकारी कामे, ऑनलाइन खरेदी सगळे एक्स्प्लोअररला जखडले गेले. जगातल्या सर्वांत वेगवान इंटरनेटच्या देशांतला एक देश सर्वांत जुनाट ब्राउझरवर अडकून पडला. एका गाजलेल्या कोरियन मालिकेतला कोट चिनी प्रेक्षकांना ऑनलाइन विकत घेता येत नाही, अशी तक्रार २०१४ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनी जाहीर बैठकीत मांडली. या सक्तीमागची सरकारमान्य डिजिटल प्रमाणपत्राची जुनी व्यवस्था कायद्याने संपली ती डिसेंबर २०२० मध्ये.

आपल्या सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल ही ओळ अनेक वर्षे होती. डिजिटल स्वाक्षरी लावायची तर एक्स्प्लोअरर आणि जावाची ठरावीक आवृत्ती लागे. लेखापाल, ठेकेदार, शाळांचे मुख्याध्यापक त्यासाठी एखादा जुना संगणक जपून ठेवत. भारत सरकारनेच २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. संकेतस्थळ एकाहून अधिक ब्राउझरवर तपासावे, हे त्यांत सांगितले आहे. तत्त्वे आहेत, पण त्यांची चाड किती ठिकाणी आहे? आजही अर्जाचे बटण दाबले जात नाही, तेव्हा सेवा केंद्रातला माणूस थंडपणे सांगतो, क्रोममध्ये उघडा. नाव बदलले, सक्ती तीच राहिली. मी ही बाब नागरिकाच्या हक्काची मानतो. रेशन कार्डासाठी, शिष्यवृत्तीसाठी, जातीच्या दाखल्यासाठी अमुक कंपनीचा प्रोग्रॅम वापरा, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही. शाळेने गणवेश एकाच दुकानातून घ्यायला लावला तर पालक भांडतात, आणि इथे मात्र गप्प बसतात.

स्वदेशी ब्राउझर हे याचे उत्तर आहे, असे काही जण म्हणतात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली आणि २०२५ मध्ये झोहो कंपनीने पहिले बक्षीस मिळवले. प्रयत्नाचे स्वागतच आहे. भारतीय भाषांचा आणि आपल्या डिजिटल प्रमाणपत्रांचा विचार मुळापासून होणे गरजेचेच होते. पण झोहोचा उला हा ब्राउझरही क्रोमियमवर उभा आहे. वरचा झेंडा बदलला तरी आतल्या इंजिनाचे निर्णय जिथे होत होते तिथेच होत राहतात. कोरियाचा धडा तर असा की, स्वदेशी म्हणून केलेली गोष्ट खुल्या मानकांना धरून नसेल, तर ती परावलंबनाकडेच नेते.

फायरफॉक्सची बाजू घेतानाही खरे ते सांगायला हवे. मोझिलाचे बहुतांश उत्पन्न शोधयंत्राच्या करारापोटी गूगलकडूनच येते. आपले शोधयंत्र आधीपासून निवडलेले असावे म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात ॲपलसह निरनिराळ्या कंपन्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाले. न्यायाधीश अमित मेहता यांनी २०२४ मध्ये गूगलला बेकायदा मक्तेदार ठरवले. क्रोम विकून टाकण्याचा आदेश मात्र २०२५ मध्ये त्यांनी दिला नाही. तिसरे स्वतंत्र इंजिन अशा नाजूक धाग्यावर लटकले आहे. तरीही ते वापरणाऱ्यांची संख्या जितकी राहील, तितके वेब बनवणाऱ्यांना त्याच्यावर तपासून पाहावेच लागेल. म्हणूनच या निवडीला वैयक्तिक आवडीपलीकडे वजन आहे. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत वेब जन्माला घातले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र कोणतेही शुल्क न घेता जगाला देऊन टाकले. जे सर्वांचे म्हणून मिळाले, ते आपल्या आळसापायी एकाच्या दावणीला बांधले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

म्हणून करायचे काय? संगणकावर गेको इंजिनाचा फायरफॉक्स बसवा आणि महिनाभर मुख्य म्हणून वापरा. त्याचा इंटरफेस मराठीतही मिळतो. तो मराठी करण्यासाठी स्वयंसेवकांनी कष्ट घेतले आहेत. एखादे सरकारी पान त्यात चालले नाही, तर मुकाट्याने दुसरा ब्राउझर उघडू नका. पानाचा पत्ता, तारीख आणि स्क्रीनचे चित्र जोडून त्या विभागाकडे लेखी तक्रार करा, आणि उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात विचारा की हे पान कोणकोणत्या ब्राउझरवर तपासले होते. शिक्षकांनी संगणकाच्या तासाला एकच पान दोन इंजिनांत उघडून दाखवावे. महाविद्यालयांतल्या संगणकशास्त्राच्या मुलांना प्रकल्प हवेच असतात, त्यांनी आपल्या जिल्ह्यातली सरकारी पाने तपासून अहवाल जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा. आणि नगरपालिका, विद्यापीठे, सहकारी बँका यांनी संकेतस्थळाची पुढची निविदा काढताना एक कलम घालावे. तिन्ही इंजिनांवर, साध्या अँड्रॉइड फोनवर आणि दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरवर प्रत्येक अर्ज पहिल्या पानापासून पावतीपर्यंत भरून दाखवल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता दिला जाणार नाही.